पाहणीच्या आदल्या दिवशीचा गिलावा

(१) मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, हे खरे आहे काय?

मित्रांनो, हे खरे आहे. आता माझा एकच खांब उभा आहे आणि बाकीची मी त्याच्या पायाशी पडून आहे. पण पडलेली टाकीही टाकीच असते. तिला आठवते.

माझ्याबद्दल एकदा राज्याच्या विधानसभेत बोलणे झाले. तिथे प्रश्न असेच विचारतात. 'हे खरे आहे काय?' मग उत्तर येते. मला ती रीत चांगली वाटली. म्हणून माझी गोष्टही मी तशीच सांगणार आहे.

(२) असल्यास, माझा जन्म कुठे व कसा झाला?

जळगाव जिल्ह्यात, अमळनेरहून एसटीने निघालात की तासाभरात निंबोरखेडे लागते. तिथे माझा जन्म झाला. गवंड्यांनी आधी माझे खांब उभे केले. मग बायकांनी शिडीवर रांग लावून, हातोहात काँक्रीटच्या पाट्या देत, माझे पोट घडवले. ऊन लागू नये म्हणून मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. लहान मुलाला तेल लावतात तसे रोज मला पाणी मारत.

त्याआधी गावातल्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा खणत आणि वाटीवाटीने हंडा भरत. मी उभी राहिले त्या वर्षी ताईबाई लग्न होऊन गावात आली. नळाला पहिले पाणी आले तेव्हा तिने माझ्या एका खांबाला कुंकू लावले. तिच्या नवऱ्याने, सुपडूने, माझ्या शेजारीच घर बांधले. का, तर सावली मिळते. कोणी हसले की तो म्हणे, "हाऊ झाड चांगलं शे. याना पाला पडत नही."

उन्हाळ्यात तो माझ्याखाली खाट टाके. त्याचे केस काळे होते तेव्हापासून मी त्याला त्या खाटेवर पाहत आले.

(३) गावाने माझी काळजी घेतली, हे खरे आहे काय?

हे अंशतः खरे आहे.

माझ्या पोटावर दर काही वर्षांनी नवी घोषणा रंगवली जाई. पाणी वाचवा. मुलगी वाचवा. झाडे लावा. बाहेरून मी पुस्तकासारखी दिसे. आत मात्र कोणी उतरले नाही. माझ्या सळ्या गंजून फुगल्या. फुगलेली सळी आतून सिमेंट ढकलते, मित्रांनो. बाहेरून दिसते ती नुसती भेग.

मग गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी टाकी झाली आणि माझे पाणी बंद झाले. नळजोड तसाच राहिला, मीही तशीच राहिले. मला पाडणे हे कोणाचेच काम नव्हते. माझा एक तुकडा ताईबाईच्या गोठ्याच्या पत्र्यावर पडला. दुसरा सुपडूआबाच्या खाटेशेजारी. आबा म्हणाला, "हाई टाकी मन्हापेक्षा लहान शे, तरी मन्हा आधी म्हातारी व्हयनी."

ताईबाई हसली नाही. ती पंचायतीत गेली, तालुक्याला गेली. सगळीकडे तिला सांगितले, बघू. शेवटी गावातल्या एका लग्नात आमदार जेवायला बसले. ताईबाई पंगतीत भाकरी वाढत होती. तिने पदरातून माझा तुकडा काढला आणि त्यांच्या ताटात वाढला.

"साहेब, हाई टाकी रोज आम्हना ताटमा पडस. आज तुम्ही खाई दखाडा."

आमदारांनी तो तुकडा उचलून खिशात घातला. त्यांच्याबद्दल मला एवढे सांगितलेच पाहिजे, की त्यांनी तो फेकला नाही.

(४) असल्यास, विधानसभेत प्रश्न दाखल झाल्यावर गावाने काय केले?

गावाने गुलाल आणला.

अमृत, म्हणजे ताईबाईचा मुलगा, बातमी घेऊन आला. आपल्या टाकीचा प्रश्न अधिवेशनात लागला. एवढ्या मोठ्या घरात नाव गेले म्हणजे काम झालेच, असे सगळ्यांना वाटले. मग निरोप आला की उत्तर लिहिण्याआधी खात्याचे साहेब पाहणीला येत आहेत. साहेब टाकी कधी पाडायची ते ठरवायला येत आहेत, असे गावाने मानले. म्हणजे ते पाहुणे झाले. आणि पाहुणा येणार म्हटल्यावर खानदेशात काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

सरपंच चुडामण दारोदार फिरला. "बठ्ठं चकचकीत करा. गावनी इज्जत शे."

रस्ता झाडला. गटारीवर चुन्याची पांढरी फक्की टाकली. अमृतने अमळनेरहून सिमेंट आणि चुना आणला. माझ्या पोटावर नवा रंग चढला. खालच्या खांबांच्या भेगा कोणी बुजवल्या माहीत आहे? ताईबाईने. आपल्या दारात पाहुणा येणार आणि दारातला खांब फुटका, हे तिला बघवेना. घराची भिंत सारवावी तसा तिने हाताने गिलावा फिरवला. तिची चार बोटे त्यावर अर्धगोल उमटली. मग वरून चुन्याचा हात दिला.

आबा खाटेवरून बघत होता. "नवरीनामायक सजाडं तू तिले."

"उद्या तिले सासरी धाडनी शे," ताईबाई म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी दोघे हसले.

(५) साहेबांनी प्रत्यक्ष पाहणी केली, हे खरे आहे काय?

हे खरे आहे. साहेब आले, मान वर करून माझ्याभोवती एक फेरी मारली.

"टाकी तर चांगली दिसतेय की, सरपंच."

"साहेब, भेगा शेतस," ताईबाई पुढे झाली. "मोठाल्या."

"दाखवा ना मावशी. कुठे आहेत?"

ती माझ्या खांबाजवळ आली. हात उचलला. समोर पांढराशुभ्र, अखंड खांब होता. तिने नखाने खरवडले. नखात चुना आला. सिमेंट रातोरात घट्ट बसले होते. तिने चुडामणकडे पाहिले. चुडामण आपल्या चपलेकडे पाहत होता.

"आतमा शेतस, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली.

"आतलं मला कसं दिसणार, मावशी? मला दिसतं तेच लिहावं लागतं."

त्यांनी ते काही वाईट मनाने म्हटले नाही. त्यांना वरून सारखे फोन येत होते, उत्तर संध्याकाळच्या आत हवे होते. मित्रांनो, तेव्हा ताईबाई सांगू शकली असती, की हे मीच लिंपले. अमृत सांगू शकला असता. सगळा गाव सांगू शकला असता. पण पाहुण्यासमोर गावाला खोटे पाडायचे कसे?

"जेवण करी ल्या, साहेब," ती म्हणाली.

वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी साहेबांनी मनापासून खाल्ली. ओट्यावरूनच त्यांनी फोन लावला. "हो सर. प्रत्यक्ष पाहणी केली. सुस्थितीत आहे."

(६) सभागृहात काय झाले?

त्या दिवशी अमृतने मोबाईल माझ्या खांबाला टेकवून ठेवला. कामकाज थेट दिसत होते. निम्मा गाव माझ्याखाली बसला होता. माझे कामकाज मीच ऐकले. ते असे होते :

मौजे निंबोरखेडे (जि. जळगाव) येथील पाण्याच्या टाकीच्या खांबांना भेगा पडल्या आहेत, हे खरे आहे काय?

— हे खरे नाही.

असल्यास, टाकीलगतच्या कुटुंबांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय?

— हे खरे नाही.

असल्यास, सदर टाकी पाडण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली?

— प्रश्न उद्भवत नाही.

सदस्य : अध्यक्ष महोदय, टाकीचा तुकडा माझ्या खिशात आहे. मी तो सभागृहाला दाखवतो.

अध्यक्ष : सन्माननीय सदस्यांनी सभागृहात वस्तू दाखवू नये.

मंत्री : अध्यक्ष महोदय, अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली आहे. टाकीला नुकताच गिलावा आणि रंग देण्यात आलेला आहे.

सदस्य : रंग दिल्याने टाकी तरुण होते काय?

(हशा)

मंत्री : तसे असते तर सन्माननीय सदस्य आणि मी, आम्ही दोघेही आज तरुण असतो.

(प्रचंड हशा)

अध्यक्ष : पुढचा प्रश्न.

मित्रांनो, माझ्याखालीही हशा झाला. मंत्र्यांचे केस काळेभोर होते आणि बोलणे मजेदार होते. आबाही हसला. हसता हसता एकेक जण थांबला. शेवटी फक्त मोबाईल बोलत राहिला. तिथे दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा प्रश्न सुरू झाला होता.

"आते काय?" आबाने विचारले.

ताईबाई आपल्या हाताकडे पाहत होती.

(७) असल्यास, पुढे

वैशाखात नव्या टाकीची मोटार जळाली. गावात पाणी नाही. दुरुस्तीला वेळ लागणार होता, पण माझी जुनी मोटार अजून चालत होती. चुडामण माझ्या नळजोडाजवळ आला आणि पान्याने चावी फिरवू लागला. ताईबाई धावत आली.

"भरू नको रे भाऊ. मी तुना पाय धरस."

"अक्का, इतला मोठा घरमा मंत्रीनी सांगं, टाकी चांगली शे. मंत्री खोटं बोली का?"

त्या घरात प्रश्न तिनेच पाठवला होता. तिथून आलेले उत्तर आता कागदावर होते, आणि गाव तहानलेला होता. तिने आबाला म्हटले, खाट तरी हलव. आबा म्हणाला, ऊन उतरलं की हलवतो.

माझ्यात पाणी आले. किती वर्षांनी आले. मला आनंद झाला, हे खरे आहे. मी लपवणार नाही. गार पाणी माझ्या तळाशी फिरले, वर चढू लागले, आणि रस्त्यापलीकडच्या नळावर बायकांची रांग लागली. ताईबाईही हंडा घेऊन तिथे गेली. नळ फुसफुसला, खोकला आणि धार लागली. आबा खाटेवर उठून बसला. त्याने तिला हाक मारली.

"अमृतनी माय, देख! म्हातारीले पान्हा फुटना!"

ती वळून हसली. तेवढ्यात मी

मला धरून ठेवता आले नाही, मित्रांनो. मी प्रयत्न केला. ज्या खांबाला कुंकू लावले होते तो आधी गेला.

पाणी गल्लीभर पसरले. ताईबाईचा हंडा भरून वाहत राहिला. ज्यांनी माझ्याखालून सुपडूआबाला काढले त्यांनी ताईबाईला ते पाहू दिले नाही.

तिने फिरवलेला गिलावा मात्र फुटला नव्हता. फळीसारखा सुटून तो बाजूला पडला होता, चार बोटांच्या अर्धगोलासकट.

यापुढे प्रश्नाला नंबर नाही.

पंचनामा झाला. बातमी छापून आली. आमदारांनी पुन्हा प्रश्न दाखल केला आहे, तो पावसाळी अधिवेशनात लागणार आहे. म्हणून चौकशीला मोठे साहेब येणार आहेत. उद्या.

आज दुपारी चुडामण चार बायका, झाडू आणि फक्कीचे पोते घेऊन आला. ताईबाई माझ्या ढिगावर बसली होती. गेले कित्येक दिवस ती दुपारची इथेच येऊन बसते. कोणी माझा दगड हलवला की ती तो परत जागेवर ठेवते.

"अक्का, ऊठ. वाट मोकळी करनी शे."

"झाडू खाल ठेव, चुडामण."

"उद्या दहा गाड्या येतीन. पेपरवाला येतीन. त्यास्ले हाऊ उकिरडा दखाडाना का?"

"हाऊच दखाडाना."

"गावनी—"

"इज्जत मन्हा नवराना अंगवर पडनी, भाऊ."

बायका झाडू धरून उभ्या राहिल्या. ताईबाईने तो गिलाव्याचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि ढिगाच्या वर, येणाऱ्याच्या समोर येईल असा ठेवला. मग आपली बोटे त्या चार खुणांमध्ये ठेवून पाहिली. बरोबर बसली.

"उद्या मन्हा घर जेवण नही," ती म्हणाली. "तो पाव्हणा नही. तो देखाले ई ऱ्हायना. देखू दे त्याले."

चुडामणने फक्कीचे पोते खाली ठेवले. थोड्या वेळाने तोही तिच्या शेजारी, माझ्यावर बसला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत तपासणी होत असेल. आदल्या दिवशी सगळे कामाला लागतात. ओल आलेल्या भिंतीवर तक्ता लावतात. मोडक्या बाकावर मोठे फडके घालतात. गळणाऱ्या कोपऱ्यातून मुलांना उठवून पुढे बसवतात. तुम्ही हौसेने मदत करता, तुम्हाला शाबासकी मिळते. मलाही त्या दिवशी मिळाली होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तेव्हाइतकी सुंदर कधीच दिसले नाही.

माझे एवढेच मागणे आहे. काळजी घ्यायची तर कोणी येणार नसेल त्या दिवशी घ्या. आणि कोणी बघायला येणार असेल, तर आदल्या दिवशी तुमचे हात स्वच्छ कोरडे राहू द्या.

संध्याकाळ होत आली आहे. बायका झाडू घेऊन परत निघाल्या आहेत. वारा सुटला आहे आणि माझा चुरा ताईबाईच्या ओट्यावर उडतो आहे. ती तो झाडत नाही.