यमानच्या लघवीतला जिन

"पाहिलात? पाहिलात जिन?"

शेख अबू सैफने काचेचा पेला उंच धरला आणि हाजा फिद्दाच्या अंगणातली गर्दी एकदम मागे सरकली. तिच्या पाच वर्षांच्या नातवाची, यमानची, लघवी डोळ्यांदेखत काळी पडत होती. शेखने काहीतरी पुटपुटून फक्त चिमूटभर 'पवित्र मीठ' टाकलं होतं.

"आगीतून जन्मलेला तो, आगीनेच जाईल!"

निखाऱ्यांत सळई लाल होत होती. यमानच्या पाठीवर तीन डाग द्यायचे ठरले होते. त्याची आई नुहा त्याला कवटाळून बसली होती; पण तान्हेपणी त्याची दुपटी साबण लागताच काळी पडायची, हे तिनेच पाहिलं होतं. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं.

"सुनेचं काळीज शेळीचं," हाजा गुरगुरली. "धर पोराला नीट!"

मी गावातल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पुढे होऊन मी शेखचं मीठ ओल्या बोटांत चोळलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं; मीठ असं लागत नाही, सोडा लागतो. मी नुहाच्या मोरीतून धुण्याचा सोडा आणला आणि उरलेली लघवी दोन पेल्यांत ओतली.

"अगं, माझे चहाचे पेले!" हाजा ओरडली.

"शेख, या पेल्यावर हवं तेवढं पुटपुटा, पण मीठ नाही. दुसऱ्यात मी सोडा टाकते, तोंड मिटून."

माझा पेला काळा झाला. शेखचा पिवळाच राहिला.

"शेख, तुमचा जिन धुणं धुतो काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"हा रोग आहे," मी म्हणाले. "अन्नातला एक घटक याच्या शरीराला पुरता मोडता येत नाही. तो लघवीतून बाहेर पडतो. नुसत्या हवेने सावकाश काळा होतो, सोड्याने लगेच. लाखो लोकांत एखाद्याला होतो, म्हणून कुणी ओळखत नाही. नात्यातल्या नात्यात लग्नं झाली की घराण्यात जास्त दिसतो."

"मग कर की बरा!" शेख म्हणाला.

"माझ्याकडे औषध नाही."

"ऐकलंत? माझ्याकडे आहे." त्याने सळई उचलली. माना पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

मला धीर धरवेना. "हाजा, तुमच्या कानाची कड निळी का? डोळ्याच्या पांढऱ्यात काळा डाग का? गुडघे एवढ्या लवकर का गेले? तुम्हीही एक पेला भरून आणा."

हाजा लंगडत आत गेली. पेला घेऊन आली, सोडा स्वतःच्या हाताने टाकला आणि काळ्या होत जाणाऱ्या पेल्याकडे बघत राहिली.

"शेख, आधी मला डाग."

"म्हातारीला डागणी चालत नाही, हाजा."

"का? माझा जिन पेन्शनीत गेला?" तिने पाण्याची घागर निखाऱ्यांवर उपडी केली. "चालता हो!"

यमानला राजधानीत, अम्मानला नेलं; तिथल्या डॉक्टरांनीही असा रोगी पहिल्यांदाच पाहिला. यमान पूर्ण बरा होईल असं ते म्हणाले नाहीत. काय खायचं, काय टाळायचं आणि दरवर्षी काय तपासायचं, एवढं त्यांनी सांगितलं. नुहा अजूनही रात्री नीट झोपत नाही.

दुर्मीळ रोगाच्या माणसाला आधीच कुणी ओळखत नाही. निदान त्याला जिन तरी म्हणू नका. तपासा, विचारा. 'माहीत नाही' म्हटल्याने कुणाची पाठ भाजत नाही.