साडूची व्हॅन

धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासुरवाडीला जावं, पाटावर बसावं आणि आपण फार मोठे आहोत असं दोन तास समजून घ्यावं, एवढी सोय आपल्याकडे आहे. तीन वर्षांतून एकदाच असते, पण असते. कोरेगावचा नानासो बायकोला घेऊन वाईला आला होता तो हीच सोय भोगायला. तो थोरला जावई. सासू शकुंतलाबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि पुरणाचे धोंडे तुपात पोहत होते. नानासोनं शर्टाची कॉलर सारखी केली, मांडी घातली, आणि इतक्यात बाहेर हॉर्न वाजला.

धाकटा जावई आला होता. कुपवाडचा ऋषिराज, नव्या कोऱ्या बंद बॉडीच्या व्हॅनमधून. व्हॅनच्या तोंडावर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. शकुंतलाबाई तबक घेऊन नानासोला ओवाळायला निघाल्या होत्या, त्या तशाच वळून बाहेर गेल्या. आधी व्हॅनला ओवाळलं, मग ऋषिराजला, आणि मग आत येऊन त्याच मंदावलेल्या निरांजनानं थोरल्या जावयाला. नानासोच्या पोटात दुखायला लागलं. अजून एक घासही खाल्ला नव्हता, म्हणजे धोंड्यांवर आळ घ्यायलाही जागा नव्हती.

दुखायचं कारण जुनं होतं. अंकिताला, म्हणजे धाकट्या मेव्हणीला, हे स्थळ सुचवलं होतं नानासोनंच. ‘पोरगा गरीब हाय, पन सरळ हाय,’ असं त्यानं सासऱ्यांना सांगितलं होतं, आणि त्यातलं ‘गरीब हाय’ त्याला स्वतःला विशेष आवडलं होतं. धाकटा साडू आपल्यापेक्षा खाली असला की सासुरवाडीत आपला पाट वर राहतो. ऋषिराजला गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं, बेकरीच्या टेंपोवर, कोरेगावच्या बाजारपटांगणात. पुढे ऋषिराजनं कुपवाडच्या कारखान्यांचे सुटे भाग इकडून तिकडे पोचवायला एक व्हॅन घेतली, आणि आता ही दुसरी. शिकवणारा नानासो मात्र बारा वर्षं मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना क्रेट बांधून दुकानादुकानांत पाव, खारी आणि टोस्ट टाकत फिरत होता.

जेवताना ऋषिराजनं विषय काढला.

“दादा, जुनी गाडी इकायचीय. भाईरच्याला द्यायच्या आदी तुमाला इचारतो. घरातली गाडी घरात ऱ्हाईल. पैशाची घाई न्हाई, जमल तसं द्या.”

नानासोची बायको स्वप्नाली वाढता वाढता थांबली. तिचा चेहरा एकदम उजळला, कारण ही व्हॅन त्यांना हवी होती तशी दुसऱ्या कुणाला नसेल. कोरेगावच्या बेकरीचे मधुकरशेठ सातारा–वाई ही नवी लाइन सुरू करणार होते. रोजचा माल, सत्तर दुकानं. ही लाइन मिळाली की क्रेटची हमाली सुटणार होती. अट एकच, बंद व्हॅन पाहिजे आणि ती अधिक महिना संपायच्या आत बेकरीच्या दारात उभी पाहिजे. महिन्याचे दहा दिवस उरले होते.

“बघू,” नानासो म्हणाला.

“बघू काय? देवानंच धाडलीया!” शकुंतलाबाई म्हणाल्या. देवानं नव्हे, साडूनं धाडली होती, आणि दुखणं तिथंच होतं. उद्या याच वाईत, सासुरवाडीच्या गल्लीत व्हॅन घेऊन आपण पाव टाकायला यायचं आणि दुकानदारानं विचारायचं, “साडूची जुनी व्हय? बरं झालं, दिली त्यानं.” माणसानं उपाशी राहावं, पण धाकट्या साडूचं उष्टं खाऊ नये, असं त्याला वाटलं. असं कुठंही लिहिलेलं नाही. पण वाटलं.

तरी पण दोनच दिवसांनी तो रेल्वेनं सांगलीला उतरून कुपवाडला गेला. स्वप्नालीनं घरातून ढकललं म्हणून गेला, आणि मनातून गेला तो व्हॅनमध्ये काहीतरी खोट सापडावी म्हणून. ऋषिराजनं किल्ली हातात दिली.

“तुमच्या मनासारखा मेकॅनिक बगा, दादा. मी मदी येत न्हाई. माझ्यादेखत त्याला बोलायला अवघड वाटायचं.” असं म्हणून तो माल भरायला निघूनही गेला. हा चांगुलपणाही नानासोला टोचला. चोर असता तर किती बरं झालं असतं!

मेकॅनिक मिळाला सन्मती पाटील, एमआयडीसीच्या कोपऱ्यावरचा. कुणाच्याही गाडीला नावं ठेवण्यात याचा हात धरणारा नाही, अशी चौकशी करूनच नानासोनं त्याला गाठलं होतं. सन्मतीनं पुढची सीट उचलली, खालचं इंजिन चालू केलं, ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. हाताला तेलाचा थेंब लागला नाही, म्हणजे इंजिन धडधाकट. मग तो गाडीखाली आडवा झाला, चासीवर पाना ठोकत गेला, सरकता दरवाजा चारदा उघडून लावला. मागच्या दारावर ‘ओवी’ असं ऋषिराजच्या मुलीचं नाव रंगवलेलं होतं. त्यावरची धूळ त्यानं सहज कोपरानं पुसली आणि शेवटी एक चक्कर मारून आला.

“काय हाय का?” नानासोनं आशेनं विचारलं.

“काय न्हाई.”

“नीट बगा की. इंजिनात कायतरी आवाज येतोय.”

“त्यो इंजिनाचाच आवाज हाय, पाव्हणं. इंजिन हाय म्हनल्यावर वाजनारच की.” सन्मतीनं हात पुसले. “जपून चालवलीय गड्यानं. अशी गाडी माझ्याकडं लय दिसांनी आली. तुमी घेत नसला तर मला सांगा, मी घेतो.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसं नानासोनं ते ऐकून घेतलं. त्यानं किल्ली ऋषिराजच्या शेजाऱ्याकडं ठेवली आणि परतीची गाडी पकडली.

घरी आल्यावर स्वप्नालीनं पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आत विचारलं, “झालं का?”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या नात्यागोत्यात थेट नाही म्हणायची पद्धत नाही. स्थळ नको असलं की आपण ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतो. पत्रिका कुणी उघडलेलीही नसते. सांगणाऱ्याला ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, कुणाची अब्रू जात नाही आणि पुढच्या लग्नात दोघं एकाच पंगतीला बसतात. नानासोनं हीच वाट धरली.

“इंजिन गेलंय तिचं. मेकॅनिक म्हनला, हात लावू नगा.”

तोंडातून गेलं आणि त्याला गार वाटलं. स्वप्नालीचा चेहरा पडला. तिनं त्याच संध्याकाळी बहिणीला फोन करून, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं, हे कळवलं. ऋषिराज काय समजायचं ते समजेल, असा नानासोचा हिशेब होता. पण ‘पत्रिका जुळत नाही’ हे खरंच मानणारी माणसंही जगात असतात.

दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव भरताना नानासोनं ती गोष्ट आणखी फुलवली. साडूची नवी व्हॅन कोरेगावपर्यंत सगळ्यांच्या कानावर आली होती, तेव्हा जुनीचं पोस्टमार्टम झालंच पाहिजे होतं. “वरनं रंगरंगोटी. आतनं भंगार. मला गळ्यात मारत हुता.” सांगताना इतकी मजा येत होती की ऐकणारे कोण आहेत हे त्यानं पाहिलं नाही. ऐकणाऱ्यांत पुष्कर होता, मोटरसायकलवर माल नेणारा दुसरा माणूस, आणि वाई लाइनवर त्याचाही डोळा होता. “कुठं हाय म्हनला ती?” एवढंच त्यानं विचारलं.

मग नानासो दुसरी व्हॅन शोधायला निघाला. साताऱ्यात तीन पाहिल्या, रहिमतपुरात एक. एकीचा पत्रा सडलेला, एकीचे कागद अर्धे, एकीच्या ऑइलच्या झाकणातून फवारा उडाला आणि शर्ट गेला. प्रत्येक सीट उचलली की त्याला कुपवाडची व्हॅन आठवायची. जी नाकारली तिच्यापेक्षा कमी चालेना, आणि जी नाकारली ती नकोच. अशात पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सकाळी बेकरीच्या आवारात एक बंद व्हॅन शिरली. मागच्या दारावर ‘ओवी’ लिहिलेलं होतं. आतून पुष्कर उतरला.

“नानासो, लय उपकार झालं बगा तुमचं!” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “तुमचा साडू म्हनजे देवमानूस. म्हनला, इंजिन गेलंय, आमच्या दादांनी तपासून घेतलीया, तुमी घेऊ नगा. मी म्हनलं, असू द्या, भाव पाडून द्या. मेकॅनिकला दाखवली तर तो हसाय लागला. खणखणीत हाय!”

मधुकरशेठांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, दार सरकवून आत पाहिलं आणि वाई लाइनचा पहिला माल तिच्यात भरायला सांगितला. नानासोकडे त्यांनी पाहिलंही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशीची दुकानं त्यानं कशी केली, कुणाला पाव दिले आणि कुणाला टोस्ट, त्याचं त्याला आठवत नाही.

दुपारी तो घरी पोचला तर दारात नवी व्हॅन उभी. तिचा हार सुकला होता. ऋषिराज पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

“दादा, माफी मागायला आलोय.”

“कसली?”

“नासकी गाडी तुमच्या गळ्यात मारत हुतो मी. देवाशप्पत, मला ठावं न्हवतं. तीन वर्सं चालवली, मला काय कळलं न्हाई. घेनाऱ्याला समदं सांगून, लय तोट्यात दिली. अंकिता म्हनली, तोटा हू दे, पन पुढच्याला फसवायचं न्हाई.” त्यानं मान खाली घातली. “माझ्यामुळं तुमची लाइन गेली. आत्ता वैनींनी सांगितलं, त्यास्नी बेकरीतनं कळलं.”

नानासोनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. समोरचा माणूस टोमणा मारत नव्हता. तो खरंच मान खाली घालून उभा होता.

“आनि एक काम हुतं,” ऋषिराज म्हणाला. “ही नवी बी जरा बगा. माझं काय खरं न्हाई, मला इंजिनातलं कळत न्हाई. तुमी म्हनाल तसं. हिच्यात काय असलं तर गॅरंटी हाय तवर शोरूमला परत नेतो.”

नानासोनं सीट उचलली. ऋषिराजनं किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चालत राहिलं. स्वप्नाली दोन कप चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली. ‘हिच्यातबी आवाज हाय,’ एवढं म्हटलं असतं तर हा भोळा माणूस ही व्हॅनही परत देऊन आला असता, हे नानासोला कळलं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. बारा वर्षांच्या क्रेटचं ओझं, तो मंद झालेला निरांजनाचा उजेड, सकाळचं ते आवार, सगळं त्याला ‘बोल’ म्हणत होतं. आपल्याला असं काही सुचतं, याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

“हिच्यात काय न्हाई,” तो म्हणाला.

ऋषिराजनं सुटकेचा श्वास टाकला आणि इंजिन बंद केलं.

“तिच्यातबी काय न्हवतं,” नानासो म्हणाला.

“म्हंजे?” ऋषिराज हसत म्हणाला. त्याला काही उमगलं नव्हतं.

स्वप्नालीला उमगलं. तिनं एक कप ऋषिराजच्या हातात दिला आणि दुसरा तसाच घेऊन ती आत गेली.