जाळीवरची पिल्लं

“आकडे खोटे नकोतच, ताई. फक्त मोजायची जागा बदला,” नितीन म्हणाला. “कालव्याच्या तोंडाशी मोजू नका. होडी दीड किलोमीटर आत न्या आणि तिथलं तापमान घ्या.”

“आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं?”

“कालव्याजवळ. जवळ म्हणजे किती, ते कोण विचारतंय?”

कमलिनी देवधर त्याच्याकडे बघतच राहिली. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या या प्रयोगशाळेत तिची तेवीस वर्षं गेली होती. आता मालक झालेल्या नितीनच्या वडिलांनी तिला कामावर घेतलं, तेव्हा हा शाळेत जात होता. वीजघरं तलावातलं पाणी ओढतात, त्यावर यंत्रं गार करतात आणि तेच पाणी तापवून कालव्यातून परत सोडतात. त्यानं पाण्यातल्या जीवांचं काय होतं, ते मोजायचं तिचं काम. थर्मामीटर, बाटल्या, गमबूट. कुणाला सांगायला जावं तर धड समजतही नसे.

आता ज्याचा रिपोर्ट करायचा होता, त्या वीजघराला वीजनिर्मितीचा आणखी एक संच उभारायचा होता. भोपाळपासून तीन तासांवरचा जलाशय. दरवेळी ती दहा वाजता पोचायची आणि पाणी ओढणाऱ्या पंपांपुढची जाळी दरवेळी लखलखीत असायची. शेवटी तिला होडीतून नेणारा गेंदालाल केवट एकदा म्हणाला, “मैडम, आप दस बजे आती हो. ये लोग आठ बजे जाली धो डालते हैं.”

म्हणून या खेपेला ती आदल्या दिवशीच गेली, त्याच्याच घरी राहिली आणि सकाळी सहाला जाळीपाशी उभी राहिली. बोटाएवढी पिल्लं. रोहू, कटला, नावंही नसलेली बारकी मासळी. पाण्याच्या ओढीनं जाळीला चिकटून मेलेली, काही अजून कल्ले हलवणारी. तिनं एका तासातली वेचून हातानं मोजली. एक हजार आठशे साठ. मागे पाइप घेतलेला माणूस ताटकळत होता, “हो गया मैडम? धोना है.” आणि बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा नऊ अंशांनी गरम होतं.

“जाळीचं पान मी काढलंय,” नितीन म्हणाला. “ते आपल्या कामात नव्हतंच.”

“मी सही करणार नाही.”

“नका करू.”

तो इतक्या सहज म्हणाला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

नव्या संचाची जनसुनवाई, म्हणजे लोकांपुढची सुनावणी, जलाशयाकाठच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, मांडवाखाली होती. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी अहवाल वाचला. तापमानात फरक दोन अंश. मछलियों पर कोई प्रभाव नहीं. नमुने घेणाऱ्या, श्रीमती कमलिनी देवधर. ती तरातरा टेबलापाशी गेली. खाली तिची सही होती, कुठल्यातरी जुन्या कागदावरून उचलून चिकटवलेली. दुसऱ्या रांगेतला गेंदालाल तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो जणू हेच धरून चालला होता. त्या नजरेनं तिच्या अंगाचा भडका उडाला.

“ये सही मेरी नहीं है!” ती ओरडली.

“क्या सही नहीं है?” साहेबांना कळेना.

भोपाळात जन्म गेला, पण संतापात शब्द मराठीच आला. “दस्तख़त! मेरे दस्तख़त चुराए हैं इन्होंने! फ़र्क़ नौ डिग्री का है. एक घंटे में अठारह सौ साठ बच्चे मरे हैं जाली पर. मैंने गिने हैं, इन हाथों से!”

कुणीतरी माइक बंद केला. ती तशीच बोलत राहिली, घसा फाटेस्तोवर.

नितीन धावत आला. “ताई, तमाशा करू नका.”

“तमाशा तू केलास, नितीन. माझ्या नावानं!”

“आपकी बात नोट कर ली गई है,” साहेब म्हणाले. “बैठ जाइए.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या शिपायानं तिचे गमबूट आणि डबा पिशवीत घालून खाली आणून दिला. तिला वर जाऊ दिलं नाही.

नरहरनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तीस वर्षं मी वीजघरांची टर्बाइनं जोडली. मी काय मासे मारायला जात होतो?”

“तुम्ही मोजले नव्हते हो. मी मोजलेत.”



दोन महिन्यांनी संचाला मंजुरी मिळाली. अर्ज करून कमलिनीनं सुनवाईचं इतिवृत्त मिळवलं. चौदा पानं. कुणी कुणाचं स्वागत केलं, तेही त्यात होतं. अकराव्या पानावर एक ओळ होती: एक महिला ने मछलियों के विषय में कुछ कहा.

एक महिला. कुछ कहा. ती ओळ तिनं तीनदा वाचली.

सकाळी ती सुनावणीच्या त्या साहेबांच्या कचेरीच्या दारात हजर होती.

“साहब आज नहीं मिलेंगे,” चपराशी म्हणाला.

“कल आऊँगी.”

“कल मीटिंग है.”

“तो परसों.”

त्यानं खांदे उडवले आणि आल्यागेल्यांची नोंदवही पुढे सरकवली. तिनं चष्मा लावला. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं. कामाच्या रकान्यात जागा बोटभरच होती. तिनं बारीक अक्षरात लिहिलं, १८६०. मग बाकावर जाऊन बसली.