मागच्या चाकाला कारचं टायर

बाई गाडीवरून पडली, की आपल्याकडे कारण शोधायचे कष्ट कोणी घेत नाही. बाई पडली, हेच कारण! पुरुष पडला तर रस्ता खराब, समोरचा बेजबाबदार, नाहीतर नगरपालिका झोपलेली. बाई पडली की तिला गाडी येत नाही, विषय संपला.

धाकटीचा विषयही असाच संपवण्यात आला होता. धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून, रुग्णालयात परिचारिका. मोटरसायकल ती कॉलेजात असल्यापासून चालवायची. तिची गाडी दुरुस्तीला गेली, म्हणून त्या दिवशी थोरल्या दिराने आपली दणकट मोटरसायकल दिली. किल्ली स्वतः तिच्या हातावर ठेवली. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता गोल वळतो. तिथे ती नेहमीसारखी कलली, पण गाडी कलेना. हट्टी पोरासारखी ताठ झाली आणि सरळ जाऊन दुभाजकावर आदळली. मनगट मोडलं. मागून काही येत नव्हतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आता तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि बाहेरच्या खोलीत घरच्यांची बैठक बसली होती. तिची स्वतःची गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती. संध्याकाळी ती बघायला गिऱ्हाईक येणार होतं. हे सगळं तिला न विचारता ठरलं होतं. गाडी गेली की पहाटेची पाळी गेली, कारण त्या वेळी बस नसते. आणि पहाटेची पाळी गेली की वॉर्डप्रमुखाची जागाही गेली. त्या जागेसाठी तिने कित्येक वर्षं कंबर मोडेपर्यंत काम केलं होतं.

"मी परत सांगते," ती म्हणाली, "मी कलले, गाडी कलली नाही. काहीतरी बिघडलंय त्या गाडीचं."

"वळवली तर वळेल ना!" थोरला हसला. औषधांच्या विक्रीसाठी तो बारा महिने हायवेवर फिरायचा. "मी तीच गाडी रोज चालवतो. मला बरी वळते! अगं, जड गाडी म्हणजे बायकांचं काम नव्हे. राग मानू नकोस, काळजीपोटी बोलतोय."

"दादा म्हणतोय ते खरंय," नवऱ्याने री ओढली. "उगाच जिवाशी खेळ कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर ती हेच ऐकत होती. 'काय ताई, ब्रेक सापडला नाही वाटतं?' हे गल्लीत ऐकलं, रुग्णालयातही ऐकलं. ही बातमी कोणी रंगवून सांगितली, तेही तिला ठाऊक होतं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला आता स्वतःचीच शंका यायला लागली होती. ते वळण मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घेऊन ती आपली चूक शोधत बसायची.

तेवढ्यात थोरल्याची मुलगी क्लासहून आली. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. काकूशेजारी बसत ती सहज म्हणाली, "काकू, तू हँडल दाबून नाही का धरलंस? मागे कारचं टायर आहे ना त्याला."

"काय आहे?"

"कारचं टायर. लवकर झिजत नाही म्हणून बाबांनी बसवून घेतलंय. मला तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं त्यांनी. वळणावर ही सरळ व्हायला बघते, हँडल सोडायचं नाही, आणि टाकीकडे तर न्यायचीच नाही म्हणून!"

थोरला पंख्याकडे बघू लागला.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं!" धाकटी ताडकन उठली. "पोटच्या मुलीला सांगितलंत. मी टाकीवरूनच जाते हे ठाऊक असून माझ्या हातात नुसती किल्ली दिलीत!"

"अगं, घाईत राहून गेलं. आणि तसं काही होत नाही. सवयीचा प्रश्न आहे. मला आजवर कधी..."

"त्या दिवशी राहून गेलं, मानलं. मग नंतरचा आठवडाभर? माझी गाडी विकायला काढलीत, तेव्हाही राहूनच गेलं का?"

थोरल्याला सुनावलं ते सासूबाईंनी. त्या एकेकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या, आणि तिथला आवाज अजून शाबूत होता.

"गोल बुडाचं भांडं डोलतं, सपाट बुडाचं डोलत नाही. एवढं तरी कळतं ना तुला? मोटरसायकल कलून वळते, म्हणून तिचं टायर गोल. कार कलत नाही, म्हणून तिचं सपाट. तुझ्या हातांना त्या गाडीशी झगडायची सवय झाली, म्हणून गाडी धड झाली होय रे? पण ते जाऊ दे. तू टायर वाचवलंस, हिचं मनगट मोडलंस, आणि वर गावभर हिचीच अक्कल काढलीस! लाज नाही वाटली?"

थोरल्याचा चेहरा पडला. "वाटली, आई," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी वाटली. पण खरं सांगितलं तर सगळे मला धारेवर धरतील, म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

"नुसतं घरात चुकलं म्हणून भागायचं नाही," धाकटी म्हणाली. "जिथे जिथे मला हसलात, तिथे तिथे जाऊन खरं सांगा. आणि ते टायर आजच्या आज निघालं पाहिजे!"

थोरला उठला. गाडी सुरू न करता त्याने ती ढकलत गॅरेजकडे नेली. समोरचे निवृत्त साहेब फाटकातून ओरडले, "काय हो, पंक्चर?" तो थांबला. दोनदा घसा खाकरून मोठ्याने म्हणाला, "नाही. मागे कारचं टायर आहे. आमची धाकटी पडली ती याच्यामुळे. तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मी खोटं बोललो." धाकटीने हे दारातून ऐकलं. तिचा राग तेवढ्याने गेला नाही, आणि का जावा?

"त्या गिऱ्हाइकाला मी नको म्हणून कळवतो," नवरा पुटपुटला.

"राहू दे. गाडी माझी आहे, मीच कळवते," ती म्हणाली आणि डाव्या हाताने फोन उचलला.

वाचकहो, एका चाकाला दुसऱ्याचं टायर बसवणारे आपल्यात थोडे असतील. पण आपल्याला ठाऊक असलेला धोका फक्त आपल्या लेकराच्या कानात सांगायचा आणि परक्याच्या लेकीला तसंच वळणावर पाठवायचं, हे करणारे मात्र घरोघरी आहेत. दुसऱ्याच्या हातात किल्ली द्याल, तेव्हा गाडीत काय खोट आहे तेही तोंडाने सांगा. आणि सांगायचं राहून गेलं, तर निदान पडलेल्या माणसाला हसू तरी नका!