चैतीचा राब

"मेली असंल तर मेली म्हणून सांग, भावजी," सोमी म्हणाली. "काच दाखवून फसवू नको."

सोमी माझी मेव्हणी, चैतीची धाकटी बहीण. खोडाळ्याहून जीपभर माणसं घेऊन ती मुंबईच्या इस्पितळात आली होती. आमच्या पाड्यावर कोणी आजारी पडलं की सगळे भेटायला जातात. खाटेपाशी बसतात, कपाळाला हात लावतात, पाय चेपतात. आजारी माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्याला मेलेलं धरणं. आणि इथे दारावरचा शिपाई सांगत होता की आत कोणी जायचं नाही, काचेतून बघायचं, तेही एकेकाने.

"मना पण आत सोडत नाय," मी म्हणालो.

"मंग तू नवरा हायस का वाटसरू?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. चैतीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधाने खराब रक्त मारलं, पण त्याच्याबरोबर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही गेल्या. त्या परत येईपर्यंत साध्या सर्दीनेही ती जाऊ शकते, म्हणून तिला काचेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. सोमीने शेवटपर्यंत ऐकलंच नाही.

"एकटी ठेवली मंजी मारायलाच ठेवली. मी घरी नेते तिला. कुठं अंगठा द्यायचा ते दाखव."

"जीप खाली उभीच हाय," लक्ष्या म्हणाला. जीप त्याचीच होती.

बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी नको म्हटलं नाही. कितीतरी दिवस मीही काचेबाहेरच उभा होतो. घरी नेली तर निदान तिच्याजवळ बसता येईल, एवढंच माझ्या मनात आलं.

नीता सिस्टर तिथे होत्या. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी सोमीला काचेपाशी नेलं आणि माझा फोन स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला. आत चैती पलंगावर बसली होती. डोक्यावर एक केस नव्हता, भुवयाही गेल्या होत्या.

"ही कोण?" सोमी म्हणाली.

चैतीने आतून फोन उचलला. आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

"सोमे, राब भाजलास का?"

सोमी काचेच्या आणखी जवळ गेली. तो आवाज बहिणीचाच होता. "भाजला," ती म्हणाली. "होळी झाली न् भाजला."

"बी टाकल्यावर त्यात कोंबड्या सोडतंस का?"

"कोंबड्या कशाला सोडंन? समदा बी उकरून खातील."

"मंग? माझा राब भाजलाय यांनी. चांगला-वायट समदा जाळला. आता कोंब वर येईस्तोवर काट्या लावल्यात. आन् तू आलीस कोंबडीवानी उकराया."

लक्ष्या पहिला हसला. मग बाकीचे. सोमी डोळे पुसत म्हणाली, "डोकीवर पण भाजला का गं?"

"तिथं तर पयला."

त्यानंतर कोणी घरी न्यायची गोष्ट काढली नाही. माणसं खाली झाडाखाली बसून भाकरी खाऊन गेली. नीता सिस्टरनी मला विचारलं, राब म्हणजे काय. मी सांगितलं की पालापाचोळा आणि शेण पसरून जमिनीचा एक तुकडा भाजतात, त्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी टाकतात, आणि रोप झालं की उपटून शेतात लावतात. त्या दिवसापासून रक्त काढायला आत गेल्या की त्या चैतीला म्हणायच्या, "बघू ताई, कोंब आला का."

चैती आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. पोरांचं जेवण, त्यांचा गलका, मोठ्या पातेल्यातला डाव, यांतच तिचा दिवस जायचा. जन्मात ती कधी एकटी झोपली नव्हती. आत ती दिवसभर चादरीची घडी घालायची आणि मोडायची. एकदा मी चहाच्या टपरीवर असताना तिचा फोन आला. मी काय झालं विचारलं.

"काय नाय. तू बोलू नको. निस्ता चालू ठेव. माणसं आयकू दे."

मी फोन बाकड्यावर ठेवला. टपरीवाला कपबशा आपटत होता, दोघेजण हिंदीत रिक्षाच्या भाड्यावरून भांडत होते. ती सगळं ऐकत होती. मग रोजच मी तसं करायला लागलो. एकदा मध्येच म्हणाली, "त्या आल्याच्या चहाचं पैसं दिलं नाय त्यानी, पळाला बघ," आणि हसली.

मग एका सकाळी डॉक्टर स्वतः बाहेर आले. पांढऱ्या पेशी वर आल्या होत्या. आणखी थोड्या वाढल्या की तिला साध्या वॉर्डात आणू, म्हणाले. मी काचेतून तिच्याकडे बघितलं. तिने दोन बोटं जमिनीतून कोंब निघतो तशी वर केली. डोकं जरा दुखतंय, पडते, फोनवर म्हणाली. मी सोमीला फोन करायला खाली गेलो. वर आलो तेव्हा काचेला आतून पडदा लावला होता आणि आत खूप माणसं होती.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. पांढऱ्या पेशी आल्या, पण रक्त थांबवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्या अजून आल्या नव्हत्या, म्हणाले. त्यांच्या पिशव्या चढवणं चालूच होतं, तरीही ती गेली.

"पण कोंब आला होता ना?" मी विचारलं.

डॉक्टर नीता सिस्टरकडे बघायला लागले. सिस्टर खाली बघत होत्या.

तिला घेऊन आम्ही पाड्यावर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिला ओट्यावर ठेवलं. सगळा पाडा जमला. बायका गरम पाणी आणि हळद घेऊन आंघोळ घालायला आल्या, सोमी पुढे होती. तेवढ्यात कोणीतरी जोरात बोलायला लागलं.

"हात लावू नका. लांबून बघा. एकेकाने."

मीच बोलत होतो. ओट्याच्या पायरीवर दोन्ही हात पसरून मी उभा होतो. बायका थांबल्या. 

"भावजी," सोमी म्हणाली, "तिला आता काय नाय व्हायचं."

ते मला माहीत होतं. पण हात खाली येईनात.

सोमीने पाण्याचा हंडा खाली ठेवला. माझा एक हात धरून तिने खाली केला, मग दुसरा. बायका माझ्या बाजूने वर गेल्या.