झडप वाजली नाही

नळ उघडला, तर पाणी येण्याऐवजी नळानेच आत श्वास घेतला. सुर्रर्र. खाली धरलेल्या दुपट्याचा कोपरा हळूच वर ओढला गेला, जणू आतून कुणी ओठ लावले होते.

"बाबा!"

सासरे माझ्या तान्ह्या चिमीला मांडीवर घेऊन बसले होते. अडतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात पाइप फिटर; निवृत्तीनंतर कामगार वसाहतीचा पंप तेच सांभाळत.

"वीज गेली असेल, सूनबाई. पंप थांबला की लाइन हवा ओढते. शिकली-सवरलेली तू, नळाला काय भितेस?"

पण काहीतरी कमी होतं. पंपाची खोली आमच्या खिडकीखालीच. तिथूनच कारखान्याच्या हौदांकडे फाटा जायचा, त्यावर चेक व्हॉल्व्ह. पंप थांबला की हौदातलं रंगाचं पाणी माघारी आमच्या लाइनीत शिरू नये म्हणून त्याची झडप आपटून बंद व्हायची. धाड! चिमी दर वेळी दचकून किंचाळायची.

आज धाड झालं नव्हतं. परवाही नाही. किती दिवस मी या शांततेत सुखाने निजत होते?

वीज आली. नळाने दोनदा खाकरून पाणी सोडलं. दिसायला स्वच्छ. पांढऱ्या वाडग्यात धरलं, तेव्हा तळाशी फिकट निळसर झाक दिसली.

"बाबा, झडप का वाजत नाही?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पोर दचकत होती गं. पंधरवड्यापूर्वी मीच काढून ठेवली. म्हटलं, वीज गेली की कारखान्यातले हौदाचा कॉक बंद करतातच."

पंधरवडा. तेवढेच दिवस चिमीचं पोट बिघडलेलं. डॉक्टर म्हणाले होते, दात येताहेत. मी तिला त्यांच्या मांडीवरून उचललं. त्यांनी हात तसेच ठेवले.

मग ते उठून खाली गेले, पंप बंद केला आणि पहिलं दार ठोठावलं.

"भरलेलं पाणी ओतून द्या. झडप मी काढली होती. नात दचकते म्हणून."

तिसऱ्या दारातली शिवणकामवाली कडाडली, "नातीला झोप, आणि आमच्या पोरांना रंग?"

"हो," बाबा म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.

चिमीला दवाखान्यात न्यायला मी जिना उतरले, तेव्हा प्रत्येक मजल्यावर पाणी ओतल्याचा आवाज होता. तळमजल्यावर शेवटच्या दाराला कुलूप होतं. त्या घरचे परतेपर्यंत बाबा उंबऱ्यापाशी उकिडवे बसून होते.