डाळीमागचा डबा

शकुबाईनं डब्यावरचं नाव आधी पदरानं घासलं, मग राखेनं. ऑइलपेंटनं लिहिलेलं ‘शकुबाई गिरणीवाली’ काही निघेना. शेवटी नावाची बाजू मागं करून तिनं ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला आणि खालच्या गल्लीचा उतार धरला.

गिरणीवालीनं दुसऱ्याच्या गिरणीत दळायला जायचं म्हणजे नाक मुठीत धरूनच जायचं. पण इलाज नव्हता. यंदाच्या उन्हाळ्यानं असा कहर केला, की वरच्या गल्लीत घरोघर कूलर लागले आणि तिच्या दारापुढचा जुना ट्रान्सफॉर्मर जळून गेला. गिरणी मुकी झाली होती आणि घरात भाकरीपुरतंही पीठ नव्हतं.

खालच्या गल्लीत मात्र सगळं लख्ख होतं. ही गल्ली जन्मभर लाईनच्या शेपटाला. तिथला बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा जळायचा. दिवाळीआधी वीज कंपनीची माणसं आली, व्होल्टेज मोजलं आणि म्हणाली, सगळ्यात कमी इथं, तर नवं कामही इथूनच. नवे खांब आले, जाड केबल आली, वेगळा ट्रान्सफॉर्मर आला, समाजमंदिराच्या छतावर सोलर बसलं. तिथल्याच गुरुबाईच्या लेकीनं, पल्लवीनं, लगेच गिरणी टाकली. तेव्हापासून शकुबाईच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही ओव्यानं थांबणारं नव्हतं.

“गावात पयली लाईट आमच्या दारात आली,” ती सुनेला सांगायची. “आन् आता उजेड कुटं, तर खाली!”

ती एका आशेवर निघाली होती. पल्लवीचं पीठ जळकं निघालं, नाहीतर खरबरीत निघालं, तर वरच्या गल्लीला तसं सांगता येणार होतं. मग ट्रान्सफॉर्मर बदलेपर्यंत गिऱ्हाईक थांबलं असतं. एकदा का ते उतार उतरलं, की परत चढणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गिरणीचा आवाज लांबूनच येत होता, एकसारखा, कुठंही न अडखळता. तिची गिरणी दुपारी दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. शकुबाईला तो आवाजसुद्धा सोसवेना.

तिनं रांगेच्या शेवटी डबा ठेवला. पल्लवीनं मान वर करून पाहिलं.

“या अक्का. बसा.”

एकेक डबा पुढं सरकत गेला. शकुबाईच्या आधीचा डबा उघडला, तो हरभऱ्याच्या डाळीचा. तिनं आपल्या डब्याकडं पाहिलं.

डाळीमागचा डबा कुणाचा लावायचा, हे गिरणीवालीच्या हातात असतं. दगडांत अडकलेलं बेसन पुढच्याच्या पिठात उतरतं. शकुबाईच्या गिरणीत खालच्या गल्लीचे डबे रांगेबाहेर, भिंतीशी असायचे. डाळ दळून झाली की ती त्यातला एक उचलायची. त्यांच्या ज्वारीनं गिरणी साफ व्हायची, मग वरच्या गल्लीचं पांढरं पीठ पडायचं. कधी कुणी काही बोललं नव्हतं.

आता आपली पाळी, तिला वाटलं. आणि नवल म्हणजे तिला बरंच वाटलं. पिवळं पीठ घेऊन ती ताठ मानेनं वर गेली असती.

पल्लवीनं मागून एक लहान डबा ओढला. त्यातली दोन ओंजळ ज्वारी गिरणीत टाकली. पिवळसर पीठ पडलं, ते तिनं शेळीच्या बादलीत झटकलं. मग शकुबाईचा डबा उचलला.

“जाड का बारीक, अक्का?”

“बारीक.” शकुबाईची नजर बादलीवरून हटेना. “घरची जवारी कामून वाया घालवायलीस?”

“आईनं सांगितलंय. डाळीमागं कुनाचाबी डबा लावायचा न्हाई.” पल्लवी हसली. “आमच्यात लई वर्सं भाकर पिवळी व्हायची, अक्का. म्या ल्हान व्हते तवा मला वाटायचं, जवारीच पिवळी असती.”

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर शकुबाईनं दोन शब्द सुनावले असते.

पीठ झालं. तिनं चिमूट घेऊन बोटांत चोळली. हात आत घालून तळातली चिमूट काढली, तीही चोळली. पीठ मऊ होतं, कोमट होतं, कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. तिला रडू यावं इतका राग आला, आणि तो नेमका कुणाचा, हे मात्र तिला धड सांगता आलं नसतं.

वर ओट्यावर सुनेबरोबर शेजारच्या दोघीतिघी वाट पाहत बसल्या होत्या.

“कसं हाय ओ, पीठ?” एकीनं आधीच नाक मुरडत विचारलं. “जळकंच असंल न्हवं?”

शकुबाईनं डबा उतरवला, झाकण काढलं आणि त्यांच्यापुढं सरकवला. बायका वाकून बघू लागल्या.

“मग आमी बी जावं का खाली?”

शकुबाईनं तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं.

“जावा,” ती म्हणाली. “पन डबा रांगंत लावा.”